तपासून दिले

फुकट शिकवणारा माणूस दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते. आता ही सवय चांगली का वाईट ते तुम्ही ठरवा, पण ती मला धंद्यानं लावली. कोल्हारला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या मोटारी जळतात, मी त्या नवीन तार घालून भरून देतो. मोटार घेऊन येणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की आपोआप जळली. उघडून बघावं तर विहिरीत पाणी नसताना तासभर चालवलेली असते. म्हणून कुणी काही सांगितलं की आधी उघडून बघायचं आणि मगच मान हलवायची. मोटार परत देताना मी पावतीवर सही करतो, तारीख घालतो आणि खाली स्वतःच्या हातानं लिहितो, ‘तपासून दिले’. पस्तीस वर्षांत एक पावती त्याशिवाय गेली नाही.

शरिफा, माझी बायको, म्हणते की तुम्ही ताटातली भाकरीसुद्धा उलटून बघता. बघतो. कधी कधी ती खालून करपलेली असते.

आमची एकुलती एक मुलगी अल्मास. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नगरला सावेडीत कॅमेरे बसवणाऱ्या एका दुकानात लागली. रोज एसटीनं जाऊन येऊन. एका संध्याकाळी ती म्हणाली, “अब्बा, मला हॅम रेडिओचा परवाना काढायचाय.” घरात आमची बोली दखनी, इथं मी सगळं मराठीत सांगतोय. तिनं समजावलं की हे हौशी लोकांचं काम असतं. आपला स्वतःचा वायरलेस सेट, आपली स्वतःची तार. मोबाईल नको, टॉवर नको. आधी सरकारी परीक्षा, मग परवाना, मग सरकार आपल्याला नाव देतं, कॉलसाइन म्हणतात त्याला.

“पण कशाला?” मी विचारलं.

“बोलायला.”

“कुणाशी?”

“जो उत्तर देईल त्याच्याशी.”

तेवीस वर्षांच्या पोरीनं बापाला द्यायचं हे उत्तर आहे का? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वर तिला हे शिकवणारे वैजनाथ सर. राहणार श्रीगोंद्याचे, साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी स्वतःच्या खर्चानं एसटीनं सावेडीला येणार, एका ओळखीच्याच्या गच्चीवर पाच-सहा पोरापोरींना शिकवणार आणि एक पैसा घेणार नाही. यात पाणी मुरतंय असं मला वाटलं नसतं तर नवल. मी कुणाला न सांगता श्रीगोंद्याला गेलो. मोडीतली मोटार विकायची आहे का, असं विचारत त्यांच्या दारात उभा राहिलो.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “अल्मासचे वडील ना? या. नाक तेच आहे.”

मी ओशाळलो, पण आत गेलो. भिंतीला सेट, तारा, सोल्डरिंगचा वास. त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि म्हणाली की हे भंगार कुणी नेत असेल तर मी नको म्हणणार नाही. सर हसले. मला म्हणाले, “आमच्यात नवीन माणसानं आधी नुसतं ऐकायचं असतं. महिना-दोन महिने ऐकायचं. मग बोलायचं.” निघताना त्यांनी एक जुना रिसीव्हर पिशवीत घालून दिला. त्यात बोलता येत नाही, ऐकू तेवढं येतं.

“हा परत कधी आणून देऊ?”

“परत नको. तिचं झालं की पुढच्या शिकणाऱ्याला द्या.”

परतीच्या गाडीत मी तो रिसीव्हर मांडीवर उघडून पाहिला. आत काही नव्हतं. म्हणजे रिसीव्हरात असतं तेवढंच होतं.

त्या रिसीव्हरला तार लागते. दहा मीटर इकडं, दहा मीटर तिकडं आणि मध्ये बांबूवरून खाली येणारी केबल. तांब्याची तार दुकानात होतीच. एक टोक आमच्या गच्चीवरच्या टाकीला बांधलं. दुसरं टोक कुठं बांधायचं तर शेजारच्या सहादेवच्या कडुलिंबाला. सहादेव माझ्याच वयाचा, नदीकडं त्याचा ऊस आणि गुरांचा घास, त्याच्या सगळ्या मोटारी माझ्याच हातून गेलेल्या. आमच्या घरात ताक यायचं ते त्याच्या मालनबाईंच्या हातचं, आणि ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा जायचा तो त्यांच्याकडं.

“बांध की पोरी,” सहादेव म्हणाला. “झाडाला काय व्हतंय. पन ही तार वढती कशाला?”

अल्मासनं त्याला अर्धा तास सगळं समजावलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मंजी ह्यातनं मोबाईल चार्ज व्हतो का?”

आम्ही हसलो. पण दोन दिवसांनी मी गच्चीवरून पाहिलं तर हा लिंबाखाली उभा राहून मोबाईलनं तारेचा फोटो काढतोय. एक इकडून, एक तिकडून. मी खाली वाकलो, त्याला दिसू नये म्हणून. हसणं कुठल्या कुठं गेलं. संध्याकाळी मी अल्मासलाही ते सांगितलं.

अल्मासचा अभ्यास मात्र जोरात. पहाटे उठून रिसीव्हर कानाला लावायची. दुकानात मी मोटार चालवून बघायला लागलो की वरून ओरडायची, “अब्बा, घरघर येतेय.” मी बंद करायचो. दारामागून ऐकायचो. कुणी सांगलीचा माणूस बेळगावच्या माणसाला विचारतोय की तिकडं पाऊस आहे का, आवाज कसा येतोय, तार किती उंच आहे. एवढ्यासाठी परवाना? मला खात्री वाटायची की हे लोक खरं बोलणं दुसऱ्याच वेळी करत असणार.

मुंबईला जाऊन ती परीक्षा देऊन आली आणि पास झाली. तिनं पेढे वाटले. सरांनी फोनवर सांगितलं की आता अर्ज पुढं जाईल आणि पोलीस घरी चौकशीला येतील. घाबरायचं कारण नाही, सगळ्यांचीच होते.

सरांचं ठीक आहे. सरांचा चुलतभाऊ अमजद नाही.

अमजद माझा चुलतभाऊ. नगरला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. चौदा वर्षांपूर्वी कुठल्याशा चोरीच्या फोनवरून त्याला चौकशीला बोलावलं. दोन दिवस बसवलं, काही निघालं नाही, चहा पाजून सोडलं. कागदावर काही नाही. पण त्या दोन दिवसांत बाजारपेठेत ज्याला जे वाटलं ते तो बोलला, आणि अमजदच्या दुकानात परत कुणी फोन घेऊन आलं नाही. आता तो दुसऱ्याच्या गोदामात माल मोजतो. नुसत्या फोनवरून हे झालं. इथं तर वायरलेस. आणि नाव अल्मास नूरुद्दीन.

तो मंगळवार होता. शरिफा माहेरी गेलेली, अल्मास कामावर. साध्या कपड्यातला एक माणूस मोटारसायकलवरून दुकानासमोर उतरला. त्यानं बॅगेतून कागद काढला.

“अल्मास नूरुद्दीन इथंच राहतात का? वायरलेसचा अर्ज आहे. मी ठाण्यातून आलोय, थोडी माहिती घ्यायची.”

माझ्या हातात व्हार्निशचा ब्रश होता. तो माणूस चांगला बोलत होता, आवाज चढवलेला नव्हता, हेच मला जास्त खुपलं. मी म्हटलं, “ती आता इथं राहत नाही.”

“मग कुठं?”

“श्रीगोंद्याला.” श्रीगोंदाच का? सरांचं गाव तोंडात आलं म्हणून.

“लग्न झालं का?”

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानं चार ओळी लिहिल्या आणि कागद पुढं केला. मी ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि रोज करतो तशी सही केली. तो गेला. मी पाणी प्यायलो. सुटलो, असं वाटलं, खोटं कशाला सांगू. परवाना येणार नाही, पोरगी चार दिवस तोंड पाडेल, मग विसरेल.

ती विसरली नाही. रोज संध्याकाळी एसटीतून उतरली की दुकानात यायची आणि पर्स खांद्यावरून काढायच्या आधी विचारायची, “कुणी आलं होतं?”

“नाही.”

महिना गेला, दुसरा गेला. तिच्याबरोबर परीक्षा दिलेल्या पोरांचे परवाने आले. त्यातला एक जण रिसीव्हरवर बोलताना तिला ऐकू आला, तेव्हा तिनं कानाचा हेडफोन काढून ठेवला आणि दिवसभर जेवली नाही. त्या संध्याकाळी ती म्हणाली, “अब्बा, सहादेवकाका त्या दिवशी तारेचे फोटो का काढत होते? त्यांनीच कुणाला काही सांगितलं असेल का?”

इथं मी गप्प बसलो असतो तरी माझं पाप निम्मं राहिलं असतं. पण मी म्हटलं, “असेल. समोर गोड बोलतात, पाठीमागं काय बोलतात कुणी पाहिलंय.”

दुसऱ्या दिवशी तिनं लिंबाचं टोक सोडलं आणि आमच्याच गच्चीवर गजाला कसंबसं बांधलं. सहादेव खाली उभा राहून बघत होता. ताकाची चरवी परत गेली ती भरून आली नाही. रमजान ईद आली, शीरखुर्मा झाला आणि डबा गेला नाही. मग एक दिवस सहादेवची जळालेली मोटार टेम्पोत बसून माझ्या दुकानावरून सरळ राहुरीकडं गेली. अल्मास म्हणाली, “बघा, मन खात असणार.” मन खात होतंच, फक्त त्याचं नाही.

चौथा महिना संपला तेव्हा ती म्हणाली, “मी उद्या नगरला पोलिसांच्या ऑफिसात जाऊन विचारते.”

“मीही येतो,” मी म्हटलं. काही निघालंच तर मध्ये पडता येईल, एवढाच विचार.

बाहेरच्या बोर्डावर अहिल्यानगर, आत सगळ्यांच्या तोंडी नगर. टेबलामागच्या मॅडमनी नंबर घेतला, फाईल काढली, पानं उलटली. “तुमचा अर्ज तर केव्हाच परत गेलाय. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. लग्न होऊन श्रीगोंद्याला असते.”

अल्मास आधी हसलीच. “मॅडम, मी रोज त्याच पत्त्यावरून एसटीनं येते. कुणी सांगितलं हे?” आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “बघितलंत? मी म्हणत नव्हते? सहादेवकाका.”

मॅडमनी कागद डोळ्यांजवळ नेला. “जबाबाखाली सही आहे. नाव नीट लागत नाही. आणि हे खाली काय लिहिलंय? ‘तपासून दिले’. जबाबाखाली असं कोण लिहितं?”

त्यांनी कागद आमच्याकडं फिरवला.

आठवीपासून माझं पावतीपुस्तक अल्मास भरत आलेली. गिऱ्हाइकाचं नाव, मोटारीचा नंबर, सगळं तिच्या अक्षरात. शेवटची ओळ तेवढी माझी. तिनं त्या कागदाकडं पाहिलं, मग हात मागं घेऊन मांडीवर ठेवले. माझ्याकडं पाहिलं नाही. मॅडमना तिनं सरळ आवाजात विचारलं, “परत चौकशी लावता येईल का?”

“नव्यानं अर्ज द्या. शेजारच्या दोघांचे जबाब लागतील.” मॅडमनी माझ्याकडं बोट केलं. “आणि यांचाही.”

म्हणजे त्यांनीही ओळखलं होतं.

गाडीत ती खिडकीशी बसली. राहुरी गेल्यावर बोलली. “चार महिने मी रोज विचारत होते.”

“हो.”

“रोज, अब्बा.”

“अमजदचं काय झालं ते तुला...”

“मला माहितेय अमजदकाकांचं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, बहिरी नव्हते. तुम्ही मला सांगायचं होतं, मला भीती वाटते म्हणून. आपण दोघं घाबरलो असतो. पण तुम्ही मला सहादेवकाकांच्या अंगावर सोडलंत.” मग म्हणाली, “आता त्यांच्याकडं तुम्ही जायचं. मी येणार नाही.”

लाज वाटते म्हणजे काय ते मला त्या दिवशी सहादेवच्या अंगणात कळलं. तो घासाच्या पेंढ्या बांधत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, काही न गाळता. मालनबाई दारात येऊन ऐकत राहिल्या. सहादेवनं हातातली पेंढी पुरी बांधली.

“मंजी दोन म्हैनं तुमी आमालाच चोर धरलं.”

“हो.”

“फुटू म्या काढलाच हुता. पोलीस पाटलाला दावला. तार माझ्या झाडाला हाय, म्या इचारू न्हाई व्हय? त्यो म्हनला, पोरीची सरकारी परीक्षा हाय, काय न्हाई त्यात. मग गप बसलो.”

“मला विचारायचं होतं, सहादेवराव.”

“तुमी तरी मला इचारलं का, नूरभाई?”

मालनबाई म्हणाल्या, “ईदला डबा आला न्हाई, तवा मला वाटलं तुमच्यात कुनाचं काय झालं. म्या दोनदा दारापातूर आले आन् माघारी गेले.”

सहादेवनं पेंढी ढिगावर टाकली. “जबाब आमी दोगं देतो. पोरीसाठी देतो,” तो म्हणाला, आणि मला बसा म्हणाला नाही.

चौकशीला परत तोच माणूस आला. लिंबाखाली खुर्च्या टाकल्या. सहादेवनं सांगितलं, मालनबाईंनी सांगितलं, दोघांनी सह्या केल्या. अल्मास आपले कागद घेऊन बाजूला उभी होती. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.

“मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात की मुलगी इथं राहत नाही.”

“खोटं बोललो.”

“का?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“तुमची.”

त्याचं पेन थांबलं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, “तसंच लिहू का?”

“लिहा.”

त्यानं काहीतरी लिहिलं. सहीसाठी कागद माझ्याकडं आला तेव्हा वाचलं. त्यानं लिहिलं होतं, ‘मागील माहिती गैरसमजातून दिली.’ मी सही केली. हात सवयीनं खालच्या ओळीकडं गेला. अल्मास बघत होती. मी पेनाला टोपण लावलं.

दोन महिन्यांनी परवाना आला. मला ते मालनबाईंकडून कळलं, कारण अल्मास आधी त्यांच्याकडं गेली. तिनं सहादेवची माफी मागितली होती ती त्याच्याआधीच, मला न सांगता. आता कुठल्याही अर्जावर घरचा संपर्क म्हणून ती मालनबाईंचा नंबर लिहिते. शरिफानं तिला यावरून टोकलं, तर ती म्हणाली, “अम्मी, तिथं फोन उचलला की खरं सांगतात.” मी शेजारीच जेवत होतो. माझ्या घरात आता ताटातली भाकरी माझी पोरगी उलटून बघते, आणि तिचं काही चुकत नाही.

परवाना दाखवून तिनं सेट घेतला. तार पुन्हा लिंबाला गेली. ती फांदीवर घासून तुटेल म्हणून सहादेवनं स्वतः वर चढून सायकलची जुनी ट्यूब तिच्याखाली गुंडाळली. सरांचा रिसीव्हर सावेडीच्या वर्गातल्या दिशा नावाच्या मुलीकडं गेला.

पहिल्यांदा बोलायचा दिवस रविवार ठरला. सकाळी सातला हे लोक रेडिओवर एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला जमतात आणि एकेक जण हजेरी देतो. अल्मास मला फक्त एवढंच म्हणाली, “अर्धा तास दुकान बंद ठेवाल?” मी खाली गेलो आणि दुकानाचा मेन स्विचच खाली ओढला. सहादेवनंही बोअरची मोटार बंद केली. मी जिना चढून दारात उभा राहिलो. आत या म्हणून ती म्हणाली नव्हती.

तिनं माइकचं बटण दाबलं आणि सोडलं. परत दाबलं, परत सोडलं. तिसऱ्यांदा दाबून तिनं आपली कॉलसाइन सांगितली, एकेक अक्षर सुटं करून.

आधी वैजनाथ सरांचा आवाज आला. “ऐकतोय, श्रीगोंद्याहून ऐकतोय. आमच्यात आज एक नवीन स्टेशन आलंय, मंडळी.” मग खरखर, आणि त्यातून एक अनोळखी, वयस्क आवाज. “नवीन स्टेशन, स्वागत. नाव आणि ठिकाण परत सांगा, नीट कळलं नाही.”

“नाव अल्मास. ठिकाण कोल्हार.”

“कोल्हार. छान. घरचंच स्टेशन ना? की बाहेरगावी आहात?”

“घरचंच,” अल्मास म्हणाली. “मी इथंच राहते.”

तिनं बटण सोडलं आणि मान वळवून दाराकडं पाहिलं. मी आता काही वेगळं सांगतोय का, ते तपासल्यासारखी बघत राहिली. मी मान हलवली. या वेळी कुठल्या बाजूला हलवली ते मला माहीत होतं.